शाळेपुढचा राखणदार

आमच्या घरात पहाटे सगळ्यांत आधी फळीवरची भांडी जागी व्हायची. पेले एकमेकांना लागून किणकिणायचे, मग जनेलाची, म्हणजे खिडकीची, दारं थरथरायची, आणि त्यानंतर वरच्या खाणीवर खनिज भरून नदीच्या धक्क्याकडे निघालेला पहिला ट्रक उतारावर ऐकू यायचा. डिचोलीपासून थोडं आत, रस्त्याला लागून दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं आमचं. आम्ही मूळचे दोडामार्गाकडचे, पोटामागून इकडे आलेले. बाबा त्या ट्रकांतलाच एक चालवायचे. रस्ता लाल, झाडं लाल, वाळत घातलेले कपडे लाल. पेज वाढली की आई ताटलीवर दुसरी ताटली पालथी घालायची, आणि आम्ही ती कोपऱ्यातून उचलून चोरासारखे जेवायचो. मी तेव्हा चौथीत होते, माझी धाकटी बहीण शकुन सात वर्षांची. आम्ही घरात चार माणसं. पाचवी शकुनची भीती. तीही आमच्याबरोबर उठायची, जेवायची आणि झोपायची.

शकुनला आवाज सोसत नसे. सगळेच आवाज नव्हेत, हे लोकांना कधी समजलं नाही. ट्रकांची दिवसभराची घरघर तिला चालायची. इतकंच नव्हे, बाबांच्या गाडीचा आवाज तिला शंभरांत कळायचा. वरच्या वळणावर बाबांनी गिअर बदलला की ती पायरीवर बसल्या बसल्या म्हणायची, "बाबा." थोड्या वेळाने बाबांचा ट्रक दारावरून जायचा. एकदाही चुकलेली मला आठवत नाही. पण अचानक येणारा आवाज, फटाका, घंटा, भोंगा, तिच्या अंगात कुठेतरी घुसायचा. ती दोन्ही तळहात कानांवर गच्च दाबायची आणि पळत सुटायची. पळायची म्हणजे समोर विहीर आहे की काट्याच्या कुंपणाची वई, काही बघायची नाही. मी तिच्यामागे धावायचे. माझ्या सगळ्या लहानपणाचं वर्णन करा म्हणाल तर एवढंच आहे. मी तिच्यामागे धावत होते.

आता त्याला नाव आहे. डॉक्टर कागदावर लिहून देतात, शाळेत त्यासाठी वेगळ्या बाई असतात, आईबापांना बोलावून कदेलावर, खुर्चीवर, बसवतात आणि विचारतात, घरी कशी वागते, काय केलं की शांत होते. मला बरं वाटतं बघून, आणि थोडा रागही येतो. आमच्या वेळी नाव नव्हतं, म्हणून ज्याच्या तोंडाला येईल ते नाव तो द्यायचा. कोण म्हणे खुळी, कोण म्हणे हिला भार येतो, अंगात येतं. त्या बायकांची नावं मला अजून तोंडपाठ आहेत. लिहीत नाही, कारण त्यांच्या सुना आता माझ्या ओळखीच्या आहेत.

आईची रीत वेगळी होती. ती कुणाशी भांडायची नाही, विनंती करत हिंडायची. आमच्याकडे सकाळी सायकलवरून पाव घेऊन पदेर यायचा, पों पों भोंगा वाजवत. तो ऐकला की शकुन मागच्या दाराने भाटात, माडांच्या बागेत, पळायची. आई चार दिवस वाटेत उभी राहिली आणि पाचव्या दिवशी पदेर आमच्या घराच्या अलीकडे भोंगा थांबवून, उंडे, ते गोल कडक पाव, कापडी पिशवीत घालून जास्वंदीच्या वईवर मुकाट अडकवून जायला लागला. "तुज्या चेडवाखातीर हांव चोर जालों मगे," असं तो हसून म्हणायचा, म्हणजे तुझ्या मुलीपायी मी चोर झालो. शकुन त्या उंड्याची फक्त वरची कडक पापडी खायची, आतला मऊ भाग मी. भांडण नाही, वाटणी नाही, अगदी ठरलेलं.

आणि मग, पावसाळा सरल्यावर, शकुनची शाळा आली. आमची प्राथमिक शाळा रस्त्याच्या कडेला, दोन वर्गांची. पहिली-दुसरी हेडबाई शिकवायच्या, तिसरी-चौथी एक गुरुजी. हेडबाई म्हणजे नऊवारी सोडून नुकत्या पाचवारीत आलेल्या, उंच, कडक, आणि देवधर्माच्या बाबतीत अगदीच कोरड्या. "देव आपल्या जागी, पाढे आपल्या जागी," असं म्हणायच्या. खोटं बोललेलं त्यांना खपायचं नाही. खोटं बोलणाऱ्याला त्या दहा मिनिटं अंगणात उन्हात उभं करायच्या. शाळेची घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा. पहिल्याच दिवशी गुरुजींनी त्यावर सळई मारली आणि शकुन वर्गातून, अंगणातून, फाटकातून सरळ रस्त्यावर. एक रिकामा ट्रक चढत होता म्हणून वाचली. भरलेला उतरत असता तर मी हे लिहायला बसले नसते. मी तिला फाटकाशी धरून ठेवलं तेव्हा माझे दात वाजत होते. भर ऑक्टोबरच्या उकाड्यात.

हेडबाईंनी त्याच दिवशी आईबाबांना बोलावलं. मला दाराबाहेर उभं केलं होतं, पण मी सगळं ऐकलं.

"मुलगी हुशार आहे की नाही ते मला अजून माहीत नाही," हेडबाई म्हणाल्या, "पण फाटकाबाहेर तुमचे ट्रक आहेत. उद्या काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? तिला घरीच ठेवा."

"बाई, घराकय रस्तोच आसा," आई म्हणाली. "घराकडे ती माझ्या पदराक धरून बसतली. मी मेल्यार कोणाच्या?"

बाबा टोपी हातात घेऊन भिंतीकडे बघत होते. मग बाईंनी विचारलं, "घंटा हेच कारण ना? घंटा बंद केली तर बसेल ती?" मला आजही त्या प्रश्नाचं नवल वाटतं. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, वरून तसा कागद आलेला नव्हता. आई म्हणाली, बसेल. तेव्हा तिथल्या तिथे ठरलं. रूळ वाजवायचा नाही. सुट्टी झाली की बाई वर्गाच्या दारावर हिरवं फडकं टांगतील. आई पहिला महिनाभर शाळेच्या ओसरीवर बसेल, माडाच्या झावळ्यांचे हीर काढून झाडण्या बांधायचं तिचं काम तिथेच करेल. आणि रस्ता? बाई बाबांकडे वळल्या. "रस्त्याचं तुम्ही बघा. ट्रक तुमचे. महिन्याभरात शाळेपुढे ते सावकाश जायला लागले नाहीत, तर शकुनचं नाव मला कमी करावं लागेल. मला वाईट वाटेल, पण मी करीन."

तो महिना मी जीव मुठीत धरून काढला. आई ओसरीवर हिरांचा ढीग घेऊन बसायची, शकुन दारापाशी पहिल्या बाकावर. मी शेजारच्या वर्गात, पण माझा एक कान भिंतीला. गुरुजींनी काय शिकवलं देव जाणे. बाबा धक्क्यावर चहाच्या टपरीवर प्रत्येक ड्रायव्हरला हात जोडून सांगायचे, शाळेकडे हळू जा रे. सगळे हो म्हणायचे. पण ज्याच्या खेपा जास्त त्याचा मान जास्त. स्टिअरिंगवर बसलं की शाळा कुणाच्या लक्षात राहणार? 'पुढे शाळा आहे' असा एक बोर्ड होता, तो धुळीने इतका लाल झाला होता की त्यावर काय लिहिलंय ते फक्त आम्हाला माहीत. महिन्यातले वीस दिवस गेले. बाबांनी जेवणं कमी केलं.

एकविसाव्या दिवशी, उजाडायच्या बेताला, बाबांनी मला हलवून उठवलं. "विजू, माझ्यावांगडा येतंस? आईक सांगा नको." त्यांच्या हातात एक पिशवी होती. तिच्यात नारळ, विडीचं बंडल, जाड भाकरीसारखा एक रोट आणि कागदाच्या पुडीत शेंदूर. शेंदूर त्यांनी माझ्याकडे दिला. आम्ही शाळेच्या वरच्या अंगाला गेलो. तिथे रस्त्यापलीकडे, वळणावर, काजऱ्याचं एक झाड होतं. काजऱ्याखाली कुणी थांबायचं नाही; विषारी झाड, त्यावर काहीतरी असतं म्हणायचे. बाबांनी ओहळातून गुडघ्याएवढा एक उभट दगड आणून झाडाच्या बुंध्याशी रोवला, माझ्याकडून शेंदूर घेऊन तो माखला, रोट ठेवला, विडी पेटवून दगडापुढे ठेवली. तेव्हा मला कळलं. आमच्याकडे सीमेवर राखणदार असतो, गावाचा रखवाला. त्याच्यासमोरून जाताना दारू प्यायलेला ड्रायव्हरसुद्धा ब्रेकवर पाय ठेवतो. माणसाचं ऐकत नाहीत, त्याचं ऐकतात.

"बाबा, ह्यो खरो राखणदार आसा?" मी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. "आतापासून आसा," ते म्हणाले. मग हात जोडले आणि पुटपुटले, "म्हाराजा, चूक झाली तर माझ्यार घे, चेडवांक लावू नको." त्यांचा आवाज कापत होता. बाप घाबरलेला बघणं ही फार वाईट गोष्ट आहे. त्याआधी मला वाटायचं की भीती ही बायकामुलांची चीज. माझ्या तळव्यांना शेंदूर लागला होता. शाळेत जाईपर्यंत मी तो तीन ठिकाणी धुतला, तरी नखांत राहिला. आता आपल्या घरावर काहीतरी येणार, ही माझी खात्री झाली.

बाबांनी धक्क्यावर सांगितलं की वळणावर गाडी तीनदा बंद पडली, खाली उतरून बघतो तर दगड, शेंदूर, पेटलेली विडी. बस्स. दोन दिवसांत दगडापुढे नारळांच्या करवंट्या जमल्या. आणि ट्रक हळू झाले! खरोखर हळू झाले. भरलेले टिप्पर वळणावर गोगलगायीसारखे यायचे, ड्रायव्हर खिडकीतून हात कपाळाला लावायचा, आणि शाळेपुढून जाईपर्यंत वेग धरायचा नाही. हेडबाईंनी बाबांना निरोप पाठवला, "चांगलं केलंत." कसं केलंत हे त्यांनी विचारलं नाही. आईने त्या दिवशी खीर केली. मी खाल्ली नाही, पोट दुखतंय म्हटलं.

पण कशाचं काय! करायला गेलो गणपती आणि झालं माकड. चौथ्या दिवशी एका ड्रायव्हरने राखणदाराला सलामी म्हणून दोन हॉर्न दिले. मागच्याला वाटलं, आपण दिले नाहीत तर कोप होईल. संध्याकाळपर्यंत प्रत्येक ट्रक वळणावर पों पों करायला लागला. बाबांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. ड्रायव्हरला स्वतःचा हॉर्न कधी ऐकू येतो? आणि आता त्यांना बोलताही येईना. त्यांनी स्वतः हॉर्न दिला नसता तर शोधून काढणाऱ्या माणसालाच भक्ती नाही, असं झालं असतं. तेही द्यायला लागले. शकुन वर्गात बाकाखाली जाऊन बसायला लागली. आई तिच्या कानांवर आपला पदर दुहेरी करून बांधायची. पहिले दोन दिवस तेवढ्यावर निभावलं.

तिसऱ्या दिवशी आई तापाने फणफणली होती, ओसरीवर नव्हती. मी शाळेत निघताना तिने माझा हात धरला, "विजू, आज दोळ्यांत तेल घालून बघ गो तिका." मी हो म्हटलं. गुरुजींनी मला फळ्यावर गणित सोडवायला उभं केलं. मी पाठमोरी होते. वरून एकामागून एक ट्रक यायला लागले, सकाळी खाणीवर कसला खोळंबा झाला होता आणि सगळे एकदम सुटले होते. पों पों. पों पों. पों पों. माझ्या हातात खडू मोडला. मग हेडबाईंची हाक ऐकू आली, "शकुन!" त्यांना इतक्या मोठ्याने ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मी जनेलातून बघितलं. फाटक उघडं, आणि रस्त्यावर लाल धूळ, फक्त धूळ. मी धावले. पायांखाली जमीन नव्हती. तेवढ्यात ब्रेकचा आवाज आला, लांबच लांब, किंचाळल्यासारखा, आणि मग एकदम सगळं शांत. त्या शांततेला मी आयुष्यात सगळ्यांत जास्त भ्यायले. आवाज होता तोवर ती जिवंत होती, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं. मी धुळीत हात पसरून चालत होते. मनात एकच, शेंदूर मी नेला होता, शेंदूर मी नेला होता.

धूळ खाली बसली. पहिल्यांदा दिसला तो ट्रकचा नंबर. आमचा. बाबांचा ट्रक रस्त्यात तिरका थांबला होता, आणि त्याच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर शकुनची एक चप्पल पडली होती. शकुन रस्ता ओलांडून काजऱ्याखाली पोचली होती. ती दगडापुढे गुडघ्यांवर बसली होती. तिचे हात कानांवर नव्हते. दोन्ही तळहात तिने दगडाच्या दोन बाजूंना लावले होते, वरच्या टोकाशी, गच्च. आम्ही तिचे कान झाकायचो तसे ती त्याचे कान झाकत होती.

बाबा ट्रकमधून उतरले आणि तिथेच चाकाला धरून बसले. मागून सात-आठ ड्रायव्हर धावत आले. सगळ्यांत पुढे पुनो, धक्क्यावरचा सगळ्यांत जुना माणूस. त्याने शकुनला बघितलं, चप्पल बघितली आणि बाबांकडे वळून दोन्ही हात वर केले. "दाजी! राखणदारान राखलां रे तुज्या चेडवाक!" मग मागे वळून त्याने सगळ्यांना फर्मावलं, "आजपासून दोन न्हय, तीन होर्न! आयकलां?"

मी बाबांकडे बघत होते. मला दहाव्या वर्षी जे कळलं ते असं: खरं सांगितलं, तर उद्यापासून ट्रक पुन्हा सुसाट आणि शकुनचं नाव कमी. नाही सांगितलं, तर तीन हॉर्न, आणि ती पुन्हा धावणार, आणि प्रत्येक वेळी पुढे बाबांचाच ट्रक असेल असं थोडंच आहे? इकडे आड, तिकडे विहीर. तेवढ्यात हेडबाई आल्या, साडी खोचलेली, हातात अजून खडू. मी त्यांना मिठीच मारली आणि त्यांच्या पदरात तोंड खुपसून हळूच सांगून टाकलं. "बाई, तो देव खोटा. बाबांनी ठेवला, गाड्या हळू जायला. शेंदूर मी नेला. पण होर्न आम्ही नाही सांगितले, बाई, देवाशप्पथ नाही सांगितले."

बाईंनी बाबांकडे बघितलं, मग दगडाकडे, आणि मग कितीतरी वेळ शकुनच्या हातांकडे. मला वाटलं, आता संपलं. बाई खरं तेच बोलणार.

बाई ड्रायव्हरांकडे वळल्या. "हॉर्न बंद," त्या म्हणाल्या. पाढे म्हणून घ्यायच्या आवाजात. "या राखणदाराला हॉर्न चालत नाही. त्याचे कान दुखतात. मुलीने तुम्हाला दाखवलं, तरी कळत नाही? हळू यायचं, हात जोडायचे, मुकाट जायचं. भोंगा वाजवला त्याचं बरं होणार नाही."

पुनोने शकुनकडे पुन्हा बघितलं आणि कान पकडले. "चुकलां, बाय. म्हाराजा, चुकलां." एकेक जण ट्रकवर चढला. एकेक ट्रक आमच्यासमोरून गेला, हळू, नुसत्या घरघरीत. शकुनने शेवटचा ट्रक गेल्यावर दगडावरचे हात काढले.

त्या दुपारी हेडबाईंनी मला अंगणात उन्हात उभं केलं. इतके दिवस खोटं पोटात ठेवलं म्हणून, दहा मिनिटं. मला त्याचं काही वाटलं नाही, मी ती शिक्षा मागूनच घेतली असती. पण मी मान वर करून बघितलं, तर बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. डोक्यावर पदरही घेतला नव्हता. दहा मिनिटं आम्ही दोघी उभ्या राहिलो, मग त्या म्हणाल्या, "झालं. जा, शकुनला पाणी दे. उद्या वेळेवर आण तिला."

शकुन त्या शाळेत चारही इयत्ता शिकली. दुप्पट वर्षं लागली, पण शिकली. हिरवं फडकं विटलं की आई नवं शिवून द्यायची. शकुन आज माझ्याकडेच असते. बसवरच्या पाट्या वाचते, सही करते, आणि घरातल्या प्रत्येकाची पावलं ओळखते. बाबा शेवटपर्यंत दरवर्षी त्या दगडाला रोट ठेवून माफी मागायचे. मी विचारायचे, "अजून भिता?" ते म्हणायचे, "भियान ऱ्हवलेला बरा." आई, बाबा, हेडबाई, सगळे गेले. खाणी बंद पडल्या, ट्रक गेले, झाडं हिरवी झाली. दगड मात्र मोठा माणूस झाला. त्याला आता फरशीची घुमटी आहे, कमिटी आहे, वर्धापनदिनही असतो.

गेल्या महिन्यात कमिटीचा एक मुलगा वर्गणीला आला. चांगला पोरगा, हातात पावतीपुस्तक. "मावशे, औंदा लावडस्पीकर आणि ढोलताशे हाडूया म्हणटात सगळे. तुमकां कितें दिसता?" आत शकुन वाती वळत होती. ढोल म्हटल्याबरोबर तिचे हात थांबले.

"हाडू नकात," मी म्हटलं. "त्याका आवाज चलना ना."

"कित्याक मावशे?"

"त्याचे कान दुखतात," मी म्हटलं. दहा वर्षांची असल्यापासून त्या दगडाविषयी बोलताना माझी नजर नखांकडे जायची. तेवढ्या एका वेळी ती गेली नाही. पोराने मान डोलावली, वहीत लिहून घेतलं, आणि फाटक आवाज न करता लावून गेला.